एक तुकडा कमी होता

सॅव्हलॉनचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. तेव्हा मी पालघरच्या एका खाजगी इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. आमचे सर्जन बोईसरला दोन दिवस नेतृत्वाचं प्रशिक्षण घेऊन आले आणि म्हणाले, “आजपासून चूक दिसली तर कुणीही मला टोकायचं.” दुसऱ्याच दिवशी त्यांनी एका बाईचं पोट शिवायला घेतलं. कोळीवाड्यातून येणारी आमची सफाईवाली मावशी रक्ताळलेले गॉजचे तुकडे मोजणीसाठी पाच-पाच करून खिळ्यांना अडकवत होती. ती म्हणाली, “सायेब, एक कमी हाय.” साहेब खेकसले, “फरशी पुसणारीनं मला शिकवायचं नाही!” आणि शिवतच राहिले. मग मी पुढचा धागा दिलाच नाही. आदळआपट करत त्यांनी टाके उसवले. तुकडा आतड्यामागे निघाला. आठवड्याभरात मावशीची थिएटरमधून धुलाईखात्यात बदली झाली. पुढच्या प्रशिक्षणात साहेब व्यासपीठावरून सांगत होते, “मी माझ्या माणसांचं ऐकतो, म्हणून ती पेशंट वाचली.” सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या वर्षांनी साहेबांपेक्षा मला माझीच जास्त चीड येते, कारण मी पहिल्या रांगेत बसले होते आणि मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.