ते चित्र माझं होतं

सावेडीत माझं डीटीपीचं दुकान होतं तेव्हाची, म्हणजे नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. ऑपरेटरने देवीची विटंबना केली म्हणून मी त्याला काढलं, असं आमच्याकडे अजून सांगतात. ते खोटं आहे. चित्र मीच काढून घेतलं होतं. त्यातला चेहरा माझा होता.

आमच्या घरात श्रीविद्येची, म्हणजे तांत्रिक पद्धतीने देवीची उपासना. वडिलांनी मला न्यास शिकवला होता. एकेक बीजाक्षर म्हणत कपाळ, डोळे, छाती, पाय यांना हात लावायचा. पूजेआधी आपलं शरीर देवीचं करून घ्यायचं. बाकीचे तो विधी म्हणून उरकतात. मला तसं जमेना. छातीला हात लावला की वाटे, हेच माझं खरं शरीर. मग सोवळं सोडून पँट चढवायची वेळ मी लांबवत राही. बायकोलाही मी हे कधी सांगितलं नाही.

ऑपरेटरला सांगितलं. तो तिशीतला, बौद्ध घरातला, पूर्वी पाट्या रंगवणारा. देवदेव करत नसे, पण देवीच्या पूजेतल्या श्रीचक्राची भूमिती त्याला आवडली. शक्तीचे पाच त्रिकोण टोक खाली केलेले, शिवाचे चार टोक वर केलेले. दुपारी काम नसलं की तो ते माऊसने जुळवत बसे.

"म्हणजे सर, तुम्ही रोज सकाळी अर्धा तास बाई असता," तो म्हणाला. मी हसलो, पण आधी दारात कुणी नाही ना ते पाहिलं.

एका दुपारी शटर अर्धं ओढून मी स्कॅनरच्या काचेवर चेहरा टेकवला. त्याने माझी मिशी ठिपका-ठिपका करून पुसली, चक्राच्या मधोमध चेहरा बसवला आणि खाली स्त्रीचं शरीर काढलं.

"स्क्रीनवर सगळे ठिपकेच, सर. बाईचे वेगळे येत नाहीत."

प्रिंट हातात घेतो तोच गिऱ्हाईक आलं. मी घाबरून कागद रद्दीत सारला. लग्नपत्रिकांचे गठ्ठे आम्ही त्याच रद्दीत बांधायचो. संध्याकाळी पुणतांब्याच्या लग्नाचा गठ्ठा घाईत, कागद न बघता मीच बांधला.

तिसऱ्या दिवशी नवरीचे चुलते दोघांना घेऊन आले. कागद टेबलावर पसरून त्यांनी विचारलं, "ही कुनाची करामत हाय? लग्नाच्या घरात देवीचं असं नागडं चित्र धाडता व्हय?"

ते कागदाकडे पाहत, मग माझ्याकडे. माझा हात मिशीवर गेला होता; मिशी झाकली की मी चित्रासारखाच दिसत होतो, तरी तो मला काढता येईना. त्यांनी ओळखलं तर घर, नातीगोती, दुकान, सगळं संपलं असतं.

"यानं केलंय," मी ऑपरेटरकडे बोट दाखवलं. "मला ठाऊक नव्हतं."

तो कोणत्या घरातला हे त्यांनी विचारलं, तेही मीच सांगितलं. त्यानंतर त्यांना पुराव्याची गरज उरली नाही. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच सांगितलं. एकाने त्याची कॉलर धरली.

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "होय, मीच केलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चित्राची फ्लॉपी द्यायला आला. ओठ सुजला होता.

"कॉपी ठेवली नाही, सर. घाबरू नका."

त्याला कामावर ये म्हणायचं होतं. पण शेजारचा दुकानदार बाहेर येऊन उभा होता. मी फ्लॉपी घेतली आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "पुन्हा इकडे फिरकू नकोस."