सरळ गेलं तर पाच मिनिटं

तैवानच्या किनमेन बेटावर विमानतळासमोर आमचं तिकिटांचं दुकान होतं. एका टेबलावर मी, दुसऱ्यावर ओंगकाका. त्यांच्यामागे भिंतीवर मोठा नकाशा. कुठल्याही दोन विमानतळांची नावं घ्या, काका पट्टी लावून अंतर काढत आणि वाऱ्याचा हिशेब धरून विमान किती वेळात पोचेल तेही सांगत. वर गिऱ्हाइकाला बजावत, "धुक्याच्या दिवसांत एक दिवस हातचा ठेवा. आकाश काही माझ्या बापाचं नाही."

चीनमधल्या शियामेनचं अंतर मात्र कुणी विचारत नसे. ते खाडीपलीकडे समोरच दिसतं. पण मधे दोन्हीकडच्या फौजा. लहानपणी काका मामाकडे म्हणून नावेने इकडे आले आणि त्याच आठवड्यात नावा बंद झाल्या. आई तिकडेच राहिली. काकांचे केस पिकले तरी भेट नाही.

लष्करी अंमल उठला, फोन लागू लागले. एका वसंतात धाकट्या भावाचा फोन आला, आईचं काही खरं नाही, लगेच निघ. काकांनी दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं. सरळ जायला अजून बंदीच, म्हणून आधी उलट दिशेला तैपेई, तिथून हाँगकाँग, मग शियामेन. सकाळी निघून रात्री पोचायचं. काकांनी कळवायला फोन लावला, तर भावाने फोनपाशी उचलून आणलेली म्हातारी विचारत होती, किती लांब पडतं रे? तिला तीन विमानं काय समजावणार? काकांनी माझ्यादेखत नकाशावर पट्टी लावली.

"अगं आई, विमानाने पाच मिनिटं. उद्या येतोच."

लाडाने बोलले. मलाही ऐकून हसू आलं.

सकाळी धुकं असं उतरलं की समोरची धावपट्टी दिसेना. काका मांडीवर पिशवी घेऊन बसून राहिले. भावाच्या गल्लीत एकच फोन, तो काही लागेना. मला त्यांचाच राग येत होता. जगाला शहाणपण शिकवणाऱ्या माणसाने आईला तरी सांगायचं होतं की धुक्याचे दिवस आहेत.

विमान सुटलं तिसऱ्या दिवशी. तिकडे गल्लीच्या तोंडापासून काका रांगत घरापर्यंत गेले. उशिरा पोचलेल्या लेकराने आमच्यात तसंच जायचं असतं. भावाने त्यांना उठवलं आणि म्हणाला, "दादा, तुझा फोन झाल्यावर ती खाटेवर पडेना. सकाळी दारात खुर्ची मांडायला लावली. धुक्यात दिवसभर तिथंच. आत चल म्हटलं की म्हणायची, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

रात्री तिला ताप भरला. पहाटे गेली.

काकांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडे पाठ फिरवून. नकाशा त्यांनी उतरवला नाही, पण पट्टी पुन्हा कधी हातात घेतली नाही. गिऱ्हाइकाने वेळ विचारलीच, तर तिकीट पुढे सरकवत म्हणत, "घरी वेळ सांगू नका. पोचलात की दार वाजवा."