वल्हांडणाचं दार

रेवदंडा सोडताना चौकटीवरच्या मेझुझाला, धर्मवचनांच्या छोट्या डबीला, हात लावून मी बोटं ओठांना लावली. आई उंबऱ्यात म्हणाली, "तिकडे थंडी असली तरी पेसाहला दार उघड. एलियाहू हनाबींना ताटकळत ठेवू नकोस." आम्हा बेने इस्राएल ज्यूंत पेसाहच्या, म्हणजे वल्हांडणाच्या जेवणात नबींसाठी मनुकांच्या सरबताचा पेला भरून दार उघडतात. रेवदंड्यात त्याचं काय कौतुक? दार बंद कधी असायचं? नबींच्या आधी शेजारची कोंबडी आत.

इथे कॅनडात, किचनर शहरातल्या आमच्या दाराला दोन कुलपं आणि साखळी. त्या हिवाळ्यात आमच्या सिनेगॉगच्या भिंतीवर कुणी काळ्या रंगानं नको ते लिहून गेलं. तेव्हापासून मी ऑफिसात सणाची सुट्टी मागताना "फॅमिली फंक्शन" म्हणायला लागलो. असा मी शूर.

त्या वर्षी पेसाह आणि गुड फ्रायडे एकाच दिवशी आले. जेवण संपत आलं, दार उघडायची वेळ झाली, आणि पोर्चवर पावलं वाजली. थांबली. बेल नाही, काही नाही.

"यंदा राहू दे हो," माझी बायको सिपोरा कुजबुजली. "देवाला कळतं."

मुलगी म्हणाली, "बाबा, व्हॉट विल यू टेल आजी?"

मी कोपऱ्यातला बर्फ उपसायचा शोव्हल उचलला. साखळी काढली. दार उघडलं.

बाहेर सुमनताई. पलीकडच्या टाउनहाऊसमधल्या, मूळच्या नगरच्या. चर्चमधून थेट आलेल्या, पांढऱ्या साडीवर जाडजूड पार्का कोट. शोव्हलकडे बघून म्हणाल्या, "बर्फ कुठाय?"

मी शोव्हल दाराआड ठेवला.

"मघापासून उभी आहे. बेल वाजवायचा धीर होईना, म्हटलं तुमच्यात चालतं की नाही. काल पाळक म्हणाले, प्रभूचं शेवटचं भोजन वल्हांडणाचंच होतं. लहानपणापासून शास्त्रात वाचतेय बेखमीर भाकर. पाहिली कधीच नाही."

सिपोरानं त्यांना हाताला धरून आत बसवलं, बेखमीर भाकर वाढली.

"म्हणजे आमच्या प्रभुभोजनाची भाकर ही," सुमनताई म्हणाल्या.

"आमची," सिपोरा म्हणाली. "घ्या अजून एक."

दिवसभराच्या उपासावर त्या पोटभर जेवल्या.

त्या गेल्यावर मी दोन्ही कुलपं लावली, साखळीही. भीती काही त्यांच्याबरोबर गेली नाही. रेवदंड्याच्या मंडळींनो, तुमचं घर उघडंच असायचं. आमचं, भीत भीत का होईना, आम्हाला उघडावं लागतं.

आईला फोनवर सांगितलं, दार उघडलं. शोव्हलचं गाळलं.

"कोण आलं?"

"नगरच्या एक बाई."

"जेवून गेल्या ना?" एवढंच तिनं विचारलं.