उलट्या बटणांचा माउस

सायमन गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्याच्याच टेबलाशी बसून त्याच्या माउसची बटणं सरळ करत होतो. फोनवर फिलोमिना, त्याची बायको. "विजयभाऊ, सायमन गेला... सकाळीच, हॉस्पिटलात." त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मनात आलं, हा तर वसईला लग्नाला जातो सांगून रजेवर गेला होता. म्हणजे तेही खोटंच.

घाटकोपरला आमचं दोघांचं छोटंसं ऑफिस. लोकांच्या घरातले ओटे, कपाटं यांची ड्रॉइंग्ज आम्ही करून देतो. मापं घ्यायला आणि गिऱ्हाइकांशी बोलायला मी, लॅपटॉपवर ड्रॉइंग काढायला सायमन. कांजूरच्या जुन्या गावठाणातला माणूस, तोंडाने फटकळ, कामात सफाईदार. त्याने काढलेल्या कपाटाचं दार कधी भिंतीला आपटलं नाही. इतकी वर्षं एका खोलीत काढली, पण त्याच्या लॅपटॉपची पाठ नेहमी माझ्याकडे असायची, हे मात्र गेल्या वर्षीच मला खुपायला लागलं.

सुरुवात माउसपासून झाली. जुना बिघडला असं तो म्हणाला. मी गुपचूप लावून बघितला तर ठणठणीत चालत होता. तरी त्याच्याबरोबर स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकानदाराने बिनवायरीचे, दिवे लागणारे, नाना तऱ्हेचे माउस मांडले. मी एक उचलला. अंगठा टेकायला बाजूला खोबण, हातात लोण्यासारखा बसणारा. "हा घे, झकास आहे. माझ्याकडून भेट." सायमनने हातही लावला नाही. दुकानदाराला म्हणाला, "साधा दाखव रे. दोन्ही बाजूंनी सारखा. आणि वायर लांब पाहिजे."

"अंकल, वो तो बच्चे लोग लेते हैं."

"मग मला बच्चाच समज."

त्याने वायर ताणून बघितली, बटणं कानाशी नेऊन वाजवली. मी म्हटलं, "माउस घेतोयस की नारळ?"

"नारळ खराब निघाला तर फेकता येतो, विज्या. ह्याच्याशी रोज संसार करायचाय."

हसलो आम्ही. पण चांगली वस्तू भेट मिळत असताना माणूस नाही का म्हणतो? ज्याला सोडून निघायचं असतं त्यालाच उपकार नको असतात, असं मी परतताना मनाशी ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात, तो घरी गेल्यावर ड्रॉइंग तपासायला बसलो. माउस उजवीकडे नीट ठेवलेला. क्लिक केलं तर फाइल उघडेना, भलतीच यादी समोर यायची. मग कळलं, डाव्या-उजव्या बटणांची कामं सेटिंगमध्ये जाऊन अदलाबदल केली होती. मी लॅपटॉपला हात लावू नये म्हणूनच ही युक्ती, दुसरं काय! बाहेरची कामं घेत असणार. सगळ्या फाइली उघडून बघितल्या. काही सापडलं नाही, आणि न सापडल्यामुळे संशय वाढलाच. मी बटणं सरळ केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटी. मग हे रोजचंच झालं... सकाळी तो उलटी करायचा, संध्याकाळी मी सरळ. दोघांनीही चकार शब्द काढला नाही. मी त्याच्या टेबलाकडे गेलो की तो हात खिशात घालायचा. कामाला उशीर होऊ लागला. एकदा मी खोचून विचारलं, "काय रे, हल्ली लक्ष कुठे असतं?" म्हणाला, "तुझ्याच कपाटात. बाहेरून कडी लावून टाक."

दफनाच्या दिवशी त्याच्या डोक्यात गाठ होती एवढंच कळलं. महिन्याच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला गेलो, तेव्हा नंतर फिलोमिनाने मला घराच्या ओट्यावर बसवलं. वर्षभरापूर्वी सायमनच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली होती. "डाव्या हाताने शिकत होता हो. घरी जेवणाच्या टेबलावर साबणाची वडी घेऊन सराव करायचा, माउससारखी फिरवत. मी हसायचे त्याला..."

दोन्ही बाजूंनी सारखा माउस. डावीकडे पोचेल इतकी लांब वायर. डाव्या हाताच्या बोटाखाली यावं म्हणून फिरवलेलं बटण. आणि घरी जाताना, मला कळू नये म्हणून पुन्हा उजवीकडे ठेवलेला.

"मला का नाही सांगितलं त्याने?"

फिलोमिना म्हणाली, "त्याला वाटायचं, तुम्हाला कळलं तर तुम्ही दुसरा माणूस बघाल."

तसं मी कधीच केलं नसतं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण उशीर होऊ लागल्यापासून मी दुसरा माणूस बघतच होतो. दोघांशी फोनवर बोलणंही झालं होतं, जिन्यात उभं राहून, हळू आवाजात. एका खोलीत बसून आम्ही दोघे एकमेकांवर संशय घेत होतो. माझा खोटा होता. त्याचा खरा निघाला.

आता त्या टेबलाशी मीच बसतो. माउसच्या उजव्या बटणाची खरखर झिजून ते गुळगुळीत झालं आहे, डावं अजून कोरं आहे. मिस्साहून आल्यावर मी बटणं पुन्हा उलटी केली आणि माउस डावीकडे ठेवला. माझी रेघ वाकडी जाते. बोट सवयीने चुकीच्या बटणावर पडतं, भलतीच यादी उघडते, ती मी बंद करतो. सेटिंगला मात्र हात लावत नाही. संध्याकाळी बटणं सरळ केली, तर सकाळी येऊन ती उलटी करणारं आता कोणी नाही.