सध्याचे पद

दुपारचे अडीच. गुणवंत मंडळाच्या कचेरीत पंखा कुरकुरतो आहे आणि सचिव इंदुताई खरवंडीकरांच्या पापण्या जड होत आहेत. समोर यादी आहे, विद्यापीठाच्या सुवर्णपदकवाल्यांपैकी पुढे ज्यांनी नाव काढलं त्यांची. पाच वाजता ती छापखान्यात जायची. कुणी न्यायमूर्ती, कुणी कुलगुरू. सकाळी त्यांनी एकच नाव खोडलं आहे. जनार्दन तासगावकर, गणितात पहिला, पुढे कीर्तनकार. गेल्या आश्विनात वारले. त्याआधी भरून दिलेल्या माहितीच्या अर्जात 'सध्याचे पद' या रकान्यात बुवांनी लिहिलं होतं, 'भैरवीतले. अजून बसवतो आहे.' अध्यक्षांनी ते मोठ्यानं वाचलं, सगळे हसले, आणि असला थट्टेखोर यादीत नको असं ठरलं. चाळीस वर्षं बुवांच्या कीर्तनाला पहिल्या रांगेत बसलेल्या इंदुताई तेव्हा गप्प राहिल्या.

पेन बोटांतून घसरतं. कपाटं मागे सरकतात, तिथं राममंदिराचे खांब उभे आहेत. यादीतली मंडळी सतरंजीवर मांडी घालून बसली आहेत, पदव्या चपलांसोबत दाराशी काढून ठेवलेल्या. बुवा उपरणं कमरेला कसताहेत.

"बुवा, तुमचं नाव मी खोडलं."

"खोडाखोडीत तुम्ही कॉलेजपासून हुशार." बुवा चिपळ्या झटकतात.

अर्जात हुद्दा विचारला होता, गाणं नव्हे, असं त्या चिडून सांगतात. खांबांमधून परीक्षेचा हॉल डोकावतो. बाकांवर टाळ ठेवलेले आहेत.

"दुसरं पद होतं कुठं माझ्याजवळ?" बुवा म्हणतात. "यादीचं राहू द्या, इंदुताई. पण ती थट्टा नव्हती. उत्तर होतं. आणि ते बरोबर होतं."

ते मंद आवाजात भैरवी धरतात. शेवटच्या ओळीशी थांबतात, ती अजून बसलेली नाही. मग रिवाजाप्रमाणे अंगठ्यानं इंदुताईंच्या कपाळी बुक्का लावतात. अंगठा गार आहे.

फोन वाजतो. छापखान्यातून विचारणा, यादी पाठवताय ना?

"पाठवते. एक नाव वाढलंय."

यादी अध्यक्षांनी ठरवलेली, ते रागावतील, असं पलीकडचा चाचरत सुचवतो.

"रागावू देत. सही माझी आहे."

त्या नाव पुन्हा लिहितात, ठसठशीत. पद या रकान्यात बुवांचेच शब्द उतरवतात, काना-मात्रा न बदलता. कपाळाचा घाम पदरानं टिपतात, तर पांढऱ्या काठावर काळा डाग उमटतो. कचेरीभर बुक्क्याचा वास आहे.