ताईच्या नावाचा निधी

ताई गेल्यावर वर्षभरातच भावोजींनी ठरवलं, ती शिकवायची त्या कॉलेजला तिच्या नावाने देणगी द्यायची. त्या पैशांतून भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एखाद्या मुलीची फी भरली जाणार होती. मी भाषांतराची कामं करते, म्हणून कॉलेजात लावायच्या पाटीवरचा मजकूर माझ्याकडे आला. भावोजींनी बोरीवलीच्या घरी बोलावून घेतलं.

"एन्डाउमेंटला मराठीत काय म्हणतात गं?"

"अक्षयनिधी. मूळ रक्कम तशीच ठेवायची, व्याजावर काम चालवायचं."

"झकास. तेच लिही."

घरी येऊन सवयीने जाडा शब्दकोश उघडला. 'एन्डाउमेंट' हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आलेला, आणि त्याच्याही मागे लॅटिन 'दोस'. म्हणजे लग्नात मुलीबरोबर द्यायचं धन. 'डाउरी'सुद्धा त्यातूनच आलेला. हुंडा! मी बराच वेळ ते पान उघडं ठेवून बसले.

ताईच्या लग्नात हुंडा नव्हता, असं आमच्याकडे सगळे अभिमानाने सांगतात. भावोजींचे वडील एवढंच म्हणाले होते, "आम्हाला काही नको हो. पण पोरं राहणार कुठे?" बाबांनी वाकोल्याची आमची जागा विकली, तेव्हा कुठे बोरीवलीचा फ्लॅट झाला. तोही भावोजींच्या एकट्याच्या नावावर. आम्ही दहिसरला भाड्याने राहायला गेलो, ते अजून तिथेच आहोत. ताईला पीएचडी करायची होती. "नोकरी करू देतोय ना?" सासूबाई म्हणाल्या आणि विषय संपला.

मी भावोजींना फोन केला. "पाटीवर तिचं माहेरचं नावही घालूया."

"कशाला? निधी आम्ही देतोय."

"घर बाबांनी दिलं होतं, भावोजी. आणि एन्डाउमेंट हा शब्दही मुळात हुंड्याचाच आहे."

ते हसले. "तू ना, डिक्शनरी घेऊन भांडतेस."

पाटी लागली, ताईच्या नावापुढे फक्त त्यांचं आडनाव. समारंभात प्राचार्यांनी भावोजींना शाल घातली. दुसऱ्या रांगेत बसलेल्या बाबांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना रिक्षात बाबा म्हणाले, "जावई चांगला मिळाला गं. तिचं नाव राखलं त्याने."

"आणि तुमचं?"

"माझं कशाला?" ते म्हणाले, आणि डोळे मिटून मागे टेकले.

त्या दिवशी मला भावोजींपेक्षा बाबांचाच जास्त राग आला. तो अजून गेलेला नाही.