हास्यचित्रातले सासरे

माझ्या सासऱ्यांचा एकुलता एक फोटो त्यांच्या मृत्यूनंतर मी काढला. तोही शाईनं, आणि चुकून!

लढाईचे दिवस होते. पुण्याच्या एका मासिकानं दिवाळी अंकासाठी माझं हास्यचित्र पहिल्यांदाच मागवलं होतं. (तोवर सगळी साभार परत!) जाड कागद मिळायची मारामार. कसाबसा एक तुकडा पैदा केला आणि कर्जतच्या खोलीत बसून हातभर मोठं चित्र काढलं: पंगतीत डोळे मिटून बसलेला मिशाळ, ढेरपोट्या गृहस्थ. खालचं वाक्य छापखान्यात जुळवायचं होतं: ‘मेलो तरी चालेल, पण एक वडा अजून वाढा!’ त्यामुळे चित्र आपलं मुकंच.

दुसऱ्या दिवशी पाठवायला जातो, तर चित्र गायब!

"सकाळी आई आली होती, ती कडावला घेऊन गेली," बायको डोळे पुसत म्हणाली. "बाबांचा एकही फोटो नव्हता हो घरात. आणि तुम्ही न सांगता काढलात!"

आता हिला काय सांगणार, कपाळ! तसाच सासुरवाडीला, कडावला धावलो. पितृपक्ष चालू, आणि नेमकं त्याच दिवशी सासऱ्यांचं श्राद्ध. माझा ढेरपोट्या पाटावर विराजमान! कपाळाला गंध, गळ्यात झेंडूचा हार, पुढ्यात वाढलेलं पान. मेहुण्यानं त्यावर वडा ठेवला. "बाबांना लय आवडायचा."

मला हसू आवरेना. उपरण्यात तोंड खुपसलं, तर खांदे गदागदा हलायला लागले.

"रडू नका, जावयबापू," सासूबाईंनीच हुंदका दिला. "हुबेहूब उतरवलं तुमी!"

शेवटी धीर करून बोललो, "आई, चित्र परत हवं होतं. पुण्याला पाठवायचंय."

मेहुण्यानं पान परसात नेऊन ठेवलं. कावळा कौलांवर बसलेला, पण खाली उतरेल तर शपथ!

"त्याच्या मनात काय तरी ऱ्हायलं हाय रं," चुलतसासरे म्हणाले. सगळं गोत माझ्याकडे बघू लागलं. "जावयबापू, चित्र हितंच ऱ्हाईल म्हणा! बिगीनं! मानसं उपाशी हायत!"

मी दिवाळी अंकावर पाणी सोडलं. हात जोडून ओरडलो, "चित्र इथंच राहील!"

कावळा झपकन उतरला आणि वडा घेऊन पसार!

दिवाळी अंक माझ्यावाचून निघाला, आणि हातोहात खपला. माझ्या कलेला मान देणारा जाणकार आजवर एकच भेटला, तो कडावचा कावळा. आणि खरं सांगायचं तर तोही वड्यासाठीच आला होता!